पारलिंगी उपचार सरकारी दवाखान्यातच व्हायला हवेत

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने एका मराठी गाडीवानाचं चित्र छापलं. त्याचं नाव कावसजी असं दिलेलं आहे. इंग्रजांच्या फौजेबरोबर तो बैल हाकायचा. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या लढाईत तो पकडला गेला आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं, म्हणून त्याची बारीकसारीक नोंद राहिली. आधी मेणाचा पातळ पत्रा उरल्यासुरल्या नाकावर बसवून आकार ठरवायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र कापायची नाही, कारण रक्त तिच्यातूनच खेळत राहतं. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या लावायच्या, चार दिवसांनी तुपात बुडवलेलं फडकं ठेवायचं आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती मधली पट्टी कापून टाकायची.

पारलिंगी व्यक्तींच्या, म्हणजे जन्मतः नोंदलेल्या लिंगापेक्षा ज्यांची स्वतःची ओळख वेगळी असते त्यांच्या, उपचारांविषयी लिहिताना पुण्याच्या या कारागिरापासून सुरुवात करते आहे, याला कारण आहे. हे उपचार म्हणजे कालपरवा परदेशातून आलेलं खूळ, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. शिकलेली माणसंही बोलतात, डॉक्टरही बोलतात. प्रत्यक्षात ज्या हस्तकौशल्यावर या शस्त्रक्रिया उभ्या आहेत, त्याचा एक मोठा धागा आपल्याच मातीतून निघालेला आहे. ती नोंद वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली. कातडी मूळ जागेपासून पूर्ण तोडायची नाही, तिचा रक्तपुरवठा शाबूत ठेवून ती नव्या जागी न्यायची, हे तत्त्व युरोपात रुळलं. पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांवर काम करताना हॅरल्ड गिलीज यांनी ते फार पुढे नेलं. १९१७ साली, आरमारी लढाईत भाजलेल्या एका खलाशावर शस्त्रक्रिया करताना, सोडवलेल्या कातडीच्या पट्टीची त्यांनी नळी शिवली आणि तिची टोकं शरीराला जोडलेलीच ठेवली. नळी बंद असल्यामुळे जंतुसंसर्ग कमी झाला आणि ती टप्प्याटप्प्याने शरीरावर हवी तिथे नेता येऊ लागली.

याच गिलीज यांनी १९४६ ते १९४९ या काळात मायकल डिलन या तरुणाचं लिंग याच नळीच्या पद्धतीने तयार केलं. एकूण १३ शस्त्रक्रिया झाल्या. डिलनला जन्मतः मुलगी समजलं गेलं होतं. १९३९ पासून तो टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन घेत होता. गिलीज यांनी कागदोपत्री निदान लिहिलं ते मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषाचं, कारण खरं लिहिलं असतं तर ब्रिटनमध्ये बोभाटा झाला असता. शस्त्रक्रिया चालू असतानाच डिलन डब्लिनमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेत होता. १९५१ साली तो डॉक्टर झाला आणि पुढे जहाजावर नोकरी करू लागला. १९५८ मध्ये वर्तमानपत्रांनी त्याचा भूतकाळ खणून काढला. एका सरदार घराण्याच्या वारसनोंदीत दोन ठिकाणी दोन वेगळी लिंगं लिहिलेली सापडली, एवढ्यावरून. डिलन सगळं सोडून भारतात आला. कालिम्पाँग, सारनाथ, लडाखचा रिझाँग मठ अशी त्याची वाट झाली. पूर्ण भिक्षुदीक्षा त्याला मिळाली नाही, कारण तिथेही नियम आडवे आले. १५ मे १९६२ रोजी डलहौसीच्या रुग्णालयात तो गेला, वयाच्या ४७ व्या वर्षी. पुण्याहून निघालेली विद्या अर्धी पृथ्वी फिरून ज्याच्या अंगावर कामी आली, त्याची अखेर हिमाचलच्या डोंगरात व्हावी, हे वाचल्यापासून हा माणूस माझ्या मनातून जात नाही.

औषधांचीही हीच कथा आहे. पारलिंगी स्त्रियांना दिलं जाणारं इस्ट्राडायॉल हे स्त्री-हॉर्मोन पाळी गेलेल्या लाखो बायका घेतात. त्यांच्या शरीरातलं पुरुषी हॉर्मोन दाबणारं स्पायरोनोलॅक्टोन हे हृदयाच्या आणि यकृताच्या रुग्णांना अंगावरची सूज उतरवण्यासाठी देतात. त्याच कामाचं सायप्रोटेरोन हे प्रोस्टेटच्या कर्करोगात वापरलं जातं. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन ज्या पुरुषांच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही त्यांना वर्षानुवर्षं दिलं जातं. यातलं एकही औषध पारलिंगी माणसांसाठी म्हणून शोधलेलं नाही. त्यांचे फायदे, धोके, रक्ताच्या कोणत्या तपासण्या किती महिन्यांनी करायच्या, हे सगळं डॉक्टरांना आधीच माहीत आहे. म्हणूनच 'आम्हाला यातलं काही कळत नाही' हे ओपीडीतलं उत्तर मला पटत नाही. तेच औषध समोरच्या दुसऱ्या रुग्णाला लिहून देताना हात थांबत नाही. इथे थांबतो, कारण समोरच्या माणसाने जे मागितलं ते मागण्याचा त्याला अधिकार आहे, हेच मान्य नसतं.

हा अधिकार मान्य करणारी पहिली मोठी संस्था बर्लिनमध्ये होती. मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी १९१९ साली तिथे लैंगिक विज्ञानाची संस्था उघडली. दवाखाना, ग्रंथालय, सल्ला, सगळं एका छताखाली. जन्माने नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळे कपडे घालणाऱ्यांना पोलिसांनी छळू नये म्हणून त्यांनी ओळखपत्रांची सोय करून घेतली. डोरा रिख्टर ही पारलिंगी स्त्री संस्थेतच घरकामाला होती. तिची पहिली शस्त्रक्रिया १९२२ साली आणि योनिनिर्मितीची १९३१ साली झाली. त्याच १९३१ मध्ये हिर्शफेल्ड भारतात व्याख्यानं देत हिंडत होते. मुंबईत त्या वेळी र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' काढून लोकांच्या शिव्या खात होते, हे मराठी वाचकाला आठवेलच. ६ मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी बर्लिनची ती संस्था लुटली आणि चार दिवसांनी तिची पुस्तकं चौकात जाळली. अनेक वर्षं जमवलेला रुग्णांचा अनुभव त्यांच्याबरोबर गेला. हिर्शफेल्ड पुन्हा मायदेशी परतले नाहीत, १९३५ साली फ्रान्समध्ये वारले.

युद्धानंतर केंद्र अमेरिकेकडे सरकलं. क्रिस्टीन जॉर्गन्सन या माजी सैनिक पारलिंगी स्त्रीवर कोपनहेगनमध्ये झालेल्या उपचारांची बातमी १ डिसेंबर १९५२ ला न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'च्या पहिल्या पानावर आली आणि जगभर पोचली. हिर्शफेल्ड यांना ओळखणारे डॉक्टर हॅरी बेंजामिन यांचं या विषयावरचं पुस्तक १९६६ साली आलं. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने यासाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू केलं. इथे थोडं थांबायला हवं, कारण आजच्या अनेक गैरसमजांचं मूळ या काळात आहे.

त्या क्लिनिकमध्ये शस्त्रक्रिया हवी असेल तर माणसाला परीक्षा द्यावी लागे. लहानपणापासून कसं वाटायचं, कोण आवडतं, लग्न झालंय का, नव्या रूपात नोकरी करून दाखवलीत का, दिसायला बरे आहात का, हे सगळं डॉक्टर तपासत. स्त्री म्हणून जगायचं असेल आणि ओढही स्त्रियांचीच असेल, तर अर्ज बाद होण्याचीच शक्यता जास्त. मग लोक काय करणार? बेंजामिन यांचं पुस्तक वाचून त्यातली गोष्ट स्वतःची म्हणून सांगू लागले. एकाने दुसऱ्याला पढवलं. डॉक्टरांनी तीच गोष्ट शेकडो वेळा ऐकली, लिहून घेतली आणि 'यांची लक्षणं सगळी सारखीच असतात' असा निष्कर्ष काढला. दारावर पहारा बसवल्यामुळे आत येणारी माहितीच खोटी झाली. रुग्ण खरं बोलला तर त्याला उपचार नाकारले जातात, अशा पद्धतीतून कुठलंही वैद्यकीय ज्ञान तयार होत नाही. शंका, संमिश्र भावना, भीती, उशिरा उमगलेलं काही, हे ज्यांच्याशी बोलायला हवं होतं त्यांच्यापासूनच लपवावं लागलं. १९७९ मध्ये हॉपकिन्सने ते क्लिनिक बंद केलं. त्याच वर्षी बेंजामिन यांच्या नावाने स्थापन झालेल्या संघटनेने उपचारांची पहिली मानकं काढली. तिच्या आजच्या रूपाने, म्हणजे 'डब्ल्यूपॅथ'ने, त्यांची आठवी आवृत्ती २०२२ साली काढली.

राज्यांनी तर याहून वाईट अटी घातल्या. कागदावर लिंग बदलून देणारा कायदा स्वीडनने १९७२ मध्ये जगात सर्वांआधी केला, पण त्यासाठी नसबंदीची अट होती. ती २०१३ पर्यंत राहिली. २०१८ मध्ये सरकारला नुकसानभरपाईचा कायदा करावा लागला. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने अशीच अट ऑक्टोबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. म्हणजे एकीकडे हवी ती शस्त्रक्रिया नाकारायची आणि दुसरीकडे नको ती लादायची. या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेने केल्या.

आपल्याकडे इंटरसेक्स बाळांच्या बाबतीत नेमकं हेच होत आलं. जन्मतः जननेंद्रियं नेहमीसारखी नसतील तर बाळाला विचारण्याचा प्रश्नच नसतो. घरच्यांची लाज आणि डॉक्टरांची घाई मिळून शस्त्रक्रिया उरकली जाते. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, जिवाला धोका असेल तरच हे करा, असं बजावलं आणि तमिळनाडूने त्यावर बंदी घातली. जो बोलू शकत नाही त्याच्यावर सुरी चालवायला कुणाला संकोच वाटत नव्हता, आणि तीस वर्षांचा शहाणासुरता माणूस स्वतःच्या तोंडाने मागतोय तर त्याला मात्र दहा दाखले आणायला सांगायचे.

हिजडा समाजाने या नकाराची वाट बघितली नाही. बहुचरा मातेच्या नावाने, दाईच्या हातून होणारं निर्वाण, म्हणजे लिंग आणि वृषण कापून काढणं, त्यानंतरचे चाळीस दिवसांचे कडक नियम, गुरूच्या घरातली शुश्रूषा, ही त्यांची स्वतःची वैद्यकीच होती. तिची भलामण मी करणार नाही. भूल नाही, टाके नाहीत, रक्तस्राव झाला तर जीव जातो. ज्या गेल्या त्यांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. पण ती चालत राहिली याचं कारण दुसरं दार बंद होतं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत 'गंभीर दुखापती'च्या व्याख्येत पहिलंच नाव पुंसत्वहरणाचं होतं. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्स ॲक्टने उत्तर भारतात हिजड्यांची पोलिसांकडे नोंदणी सुरू केली आणि बायकी वेशात लोकांसमोर नाचण्या-गाण्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला. हा धाक डॉक्टरांच्या मनात पुढे कितीतरी दशकं राहिला. वास्तविक रुग्णाच्या संमतीने, त्याच्या भल्यासाठी केलेली शस्त्रक्रिया गुन्हा नाही, हे त्याच दंड संहितेच्या कलम ८८ मध्ये होतं. पण कायद्याची भीती मनात बसली की पुढचं कलम वाचायचं राहून जातं.

१५ एप्रिल २०१४ ला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नाल्सा) याचिकेवर पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा निकाल आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की ओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं अनैतिक आणि बेकायदेशीर आहे. पुढे पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला. त्याच्या कलम १५ मध्ये सरकारने शस्त्रक्रिया, हॉर्मोन उपचार आणि समुपदेशनाची सोय करावी, विम्यातून खर्च द्यावा, असं लिहिलेलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारतच्या 'टीजी प्लस' योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण जाहीर झालं. कागद भक्कम आहे. २०११ च्या जनगणनेत स्वतःची नोंद 'इतर' अशी करणारे ४ लाख ८७ हजार ८०३ लोक देशात निघाले. ज्यांनी भीतीपोटी नोंद केली नाही ते वेगळेच.

आणि तरी माझी एक मैत्रीण गेल्या काही वर्षांत काय घेत होती? मेडिकलमधून माला-डी. चिठ्ठी लागत नाही, स्वस्त मिळते, गुरूबहिणीने सांगितलेली. 'लवकर गुण यावा' म्हणून दिवसाला दोन, कधी तीन. या गोळ्यांतलं इथिनाइल इस्ट्राडायॉल शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढवतं, म्हणूनच पारलिंगी उपचारांच्या आजच्या मानकांत ते टाळायला सांगतात. तिच्या पोटरीला सूज आली तेव्हा मी तिच्यासोबत एका जिल्हा रुग्णालयात गेले. केसपेपरच्या खिडकीपाशी बायकांच्या रांगेतून तिला काढलं, पुरुषांच्या रांगेत टोमणे बसले. आत तरुण डॉक्टरांनी सूज तपासली, गोळ्यांचं नाव ऐकून हसले आणि 'हे बंद करा' म्हणाले. काय चालू करायचं ते सांगितलं नाही. घरी आल्यावर तिने विचारलं, 'बंद केलं तर दाढी परत येईल, मग कामावर कशी जाऊ?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या डॉक्टरांकडे असायला हवं होतं.

तो डॉक्टर वाईट होता असं मी म्हणणार नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसच्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलैंगिकतेला पुन्हा 'अनैसर्गिक गुन्ह्यां'च्या यादीत टाकलं होतं. आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांत ते मागे घेतलं गेलं. याच आयोगाने २०२२ मध्ये माणसाचं लिंगभाव वा लैंगिकता 'बदलून' देण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं होतं. एकाच संस्थेत दोन वर्षांत एवढी उलटसुलट होत असेल, तर वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याने काय धडा घ्यायचा?

खासगीत पैसे मोजून शस्त्रक्रिया होतात, मुंबई-पुण्यात चांगल्याही होतात. पण योनिनिर्मितीनंतर कित्येक महिने, सुरुवातीला दिवसातून अनेकदा, डायलेटर (योनी मोकळी ठेवण्यासाठी आत घालायची कांडी) वापरावा लागतो, नाहीतर नवी योनी आक्रसते. त्यासाठी बंद खोली लागते, गरम पाणी लागतं, आडवं पडायला जागा लागते. झोपडपट्टीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणींनी राहायचं, तर हे कसं जमणार? मूत्रमार्गाचा त्रास सुरू झाला तर परत त्याच शहरात, त्याच डॉक्टरकडे जायला भाडं कुठून आणायचं? केरळमधल्या अनन्या कुमारी अॅलेक्स या पारलिंगी कार्यकर्तीने शस्त्रक्रियेनंतर वर्षभर असह्य वेदना होत असल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि जुलै २०२१ मध्ये ती मृतावस्थेत सापडली. तिच्या मरणानंतर चौकशीचे आदेश निघाले. शस्त्रक्रियेच्या नंतरची वर्षं कुणाची जबाबदारी, हा प्रश्न त्या चौकशीपुरता नाही.

मुलांचं काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो टाळू नये. पौगंडावस्था थांबवणाऱ्या औषधांचा वापर अॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात सुरू केला. इंग्लंडमध्ये मार्च २०२४ मध्ये ती औषधं सरसकट देणं थांबलं आणि मुलांच्या या उपचारांचा आढावा घेणाऱ्या कॅस अहवालाने एप्रिलमध्ये त्यामागचा पुरावा दुबळा असल्याचं म्हटलं. स्वीडन-फिनलंडनेही हात आखडता घेतला. माझं मत असं की वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत सावकाश जावं, अनुभवी पथकानेच जावं, आणि प्रत्येक मुलाची पुढची वर्षं नोंदवत जावं. पण हे ठरवायचं काम डॉक्टर, आईवडील आणि त्या मुलाचं. अमेरिकेतल्या टेनेसीसारखं विधानसभेने कायद्याने दार लावून घेणं मला मान्य नाही, जरी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये तो कायदा टिकवला असला तरी. आणि चौदा वर्षांच्या मुलाबद्दलची काळजी दाखवून चाळीस वर्षांच्या बाईचं औषध अडवणं, जे आपल्याकडे हमखास होतं, त्याला काळजी म्हणता येत नाही. पश्चात्ताप होणारे लोक असतात. अभ्यासांत त्यांचं प्रमाण कमी दिसतं, मात्र त्यातले बरेच अभ्यास रुग्ण मध्येच सुटल्यामुळे अपुरे आहेत. पश्चात्ताप झाला तर परत येण्याची जागासुद्धा तोच दवाखाना असायला हवा. दरवाजा एकदाच उघडत असेल, तर माणूस शंका असूनही घाईने आत शिरतो.

महाराष्ट्रात हे अशक्य आहे असं म्हणता येणार नाही. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांना शस्त्रक्रियेसाठी आधी नकार मिळाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, शेवटी सरकारने परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं होतं, त्यामुळे लोकांची सहानुभूती मिळणं सोपं गेलं असं मला वाटतं. ज्यांच्याकडे दाखवायला गुणसूत्र नाही, फक्त स्वतःचा शब्द आहे, त्यांनाही तीच खाट मिळायला हवी. २०२३ मध्ये मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र वॉर्ड झाला, ही चांगलीच गोष्ट. पण नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या माणसाने प्रत्येक वेळी मुंबई गाठायची का? तमिळनाडूने २००८ मध्ये कल्याण मंडळ काढलं आणि पाठोपाठ सरकारी रुग्णालयांत मोफत शस्त्रक्रिया सुरू केल्या. आपण त्यांच्या दीड दशक मागे आहोत.

सुरुवात शस्त्रक्रियेने करायचीही गरज नाही. पुष्कळ जणांना ती नकोच असते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस हॉर्मोनची ओपीडी, इस्ट्राडायॉल आणि टेस्टोस्टेरॉन सरकारी औषधभांडारात, पोटॅशियम, यकृत आणि हिमोग्लोबिनच्या तपासण्या मोफत, उपचाराआधी मूल हवं आहे का याबद्दल मोकळं बोलणं, आणि केसपेपरवर रुग्णाने स्वतः सांगितलेलं नाव. या तपासण्या त्या प्रयोगशाळेत आजही रोज होतात.

आणि शस्त्रक्रियेचं म्हणाल, तर तंबाखूने गाल आणि जीभ गमावलेल्या रुग्णांनी आपली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं भरलेली आहेत. तिथले सर्जन मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसकट काढून तिचा नवा गाल करतात. पारलिंगी पुरुषाचं लिंग तयार करताना जगभर बहुतेक हीच कातडी, याच रक्तवाहिन्यांसकट घेतली जाते. त्या सर्जनला मूत्रमार्गाचं काम एखाद्या यूरोलॉजिस्टबरोबर शिकून घ्यावं लागेल, काही महिने चेन्नईला पाठवावं लागेल. कातडी कशी उचलायची आणि रक्तवाहिन्या कशा जोडायच्या, ते त्याला येतं.